संसार सांभाळून नर्सिंगचे शिक्षण : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी जीएनएमला (जनरल नर्सिंग अँड मिडवाइफरी या पदविकेला) प्रवेश घेतला तेव्हा माझे वय एकतीस होते, थोरला मुलगा तिसरीत होता आणि धाकटी नुकतीच अंगणवाडीत जाऊ लागली होती. आज मी शासकीय रुग्णालयात अधिपरिचारिका (स्टाफ नर्स) म्हणून काम करते. वॉर्डात नातेवाइकाच्या उशाशी बसलेल्या बायका, आमच्याकडे येणाऱ्या आशाताई, दूरच्या नात्यातल्या सुना असे अनेक जण मला या शिक्षणाबद्दल विचारतात आणि त्यांचे प्रश्न बहुतेक तेच असतात. त्यांची उत्तरे महाराष्ट्रातील परिस्थिती धरून येथे एकत्र लिहीत आहे.

लग्न झालेल्या, मुले असलेल्या स्त्रीला प्रवेश मिळतो का? वयाची अट काय आहे?

प्रवेश मिळतो. भारतीय परिचर्या परिषदेच्या नियमांनुसार किमान वय १७ वर्षे आणि जीएनएम व बी.एस्सी. नर्सिंगसाठी कमाल वय ३५ वर्षे आहे. विवाहित असणे ही आडकाठी नाही. बी.एस्सी. नर्सिंग चार वर्षांचे असून त्यासाठी बारावीला भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र, जीवशास्त्र आणि इंग्रजी हे विषय व खुल्या प्रवर्गाला ४५ टक्के गुण लागतात. जीएनएम तीन वर्षांचे आहे आणि ते कोणत्याही शाखेतून इंग्रजी विषयासह बारावी ४० टक्के गुणांनी उत्तीर्ण झालेल्याला करता येते. एएनएम (ऑक्झिलरी नर्स मिडवाइफ) दोन वर्षांचे असून फक्त स्त्रियांसाठी आहे. ज्यांची बारावी लग्नामुळे राहून गेली, त्यांनी राष्ट्रीय मुक्त विद्यालयातून ती पूर्ण केली तर तेही प्रमाणपत्र ग्राह्य धरले जाते.

‘या वयात शिकायला निघाली’ असे कोणी म्हणाले तर त्यांना पुण्याच्या सेवासदनाची आठवण करून द्यावी. १९०९ साली स्थापन झालेल्या आणि रमाबाई रानड्यांनी वाढवलेल्या या संस्थेने ससून रुग्णालयाच्या साहाय्याने विधवा आणि प्रौढ स्त्रियांना परिचारिकेचे शिक्षण दिले, तेही परक्यांची शुश्रूषा करणे घरंदाज बाईला शोभत नाही असे मानले जाण्याच्या काळात. महाराष्ट्रात हा व्यवसाय उभा राहिला त्यात संसारातून आलेल्या बायकांचा वाटा पहिल्यापासून आहे.

हे शिक्षण घरी बसून किंवा अर्धवेळ करता येते का?

नाही. जीएनएम आणि बी.एस्सी. नर्सिंग पूर्णवेळच करावे लागते. ‘सहा महिन्यांत नर्स व्हा’ अशा पाट्या तालुक्याच्या प्रत्येक ठिकाणी दिसतात; त्या प्रमाणपत्रावर महाराष्ट्र परिचर्या परिषदेत नोंदणी होत नाही आणि नोंदणीशिवाय कोणीही परिचारिका म्हणून काम करू शकत नाही. पैसे भरण्यापूर्वी संस्थेला दोनच गोष्टी विचाराव्यात : भारतीय व महाराष्ट्र परिचर्या परिषदेची मान्यता चालू वर्षासाठी आहे का, आणि परीक्षा कोण घेते. बी.एस्सी.ची परीक्षा बहुतेक ठिकाणी नाशिकचे महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठ घेते (अभिमत विद्यापीठे आपली परीक्षा स्वतः घेतात), तर जीएनएमची परीक्षा राज्याचे शुश्रूषा व परावैद्यक शिक्षण मंडळ घेते. याखेरीज भलतेच नाव सांगितले गेले तर त्याची मान्यता तपासल्याशिवाय पैसे भरू नयेत. मंगळसूत्र गहाण ठेवून भरलेली फी अशा ठिकाणी बुडालेली मी पाहिली आहे.

दिवसाचा किती वेळ जातो? हजेरीत सवलत मिळते का?

हा प्रश्न सर्वांत महत्त्वाचा आहे, कारण घरातली पुढची सगळी व्यवस्था याच्या उत्तरावर उभी राहते. परीक्षेला बसण्यासाठी प्रत्येक विषयात लेखी वर्ग आणि प्रात्यक्षिक दोन्हींची ८० टक्के हजेरी लागते, आणि ती अनुपस्थितीचे कारण काहीही असले तरी लागते. पदवी किंवा पदविका हातात पडण्यापूर्वी प्रात्यक्षिक मात्र शंभर टक्के पूर्ण करावे लागते. याचा अर्थ असा, की मुलाच्या गोवरामुळे बुडालेल्या चार दिवसांच्या ड्यूट्या माफ होत नाहीत, त्या सुट्टीत किंवा परीक्षा झाल्यावर भरून द्याव्या लागतात. सकाळी आठला वॉर्डात हजर राहायचे, दुपारी दोनला सुटायचे आणि त्यानंतर वर्ग, असा दिवस नेहमीचा असतो. इंटर्नशिपच्या काळात तर आठवड्याला ४८ तास ड्यूटी असते.

हा नियम जाचक वाटतो, पण त्यात चूक काही नाही. शिरेत सुई लावायला हात वाचून तयार होत नाही, आणि ज्याच्या हातात ती सुई जाणार असते तो कोणाच्या तरी घरचा माणूस असतो. शिक्षणाचे तास वाकत नाहीत हे एकदा मनाशी पक्के धरले की वाकवायचे काय ते आपोआप कळते. वाकवायचे ते घरातल्या कामांचे ठरलेले गणित. माझ्या पाहण्यातल्या ज्या विद्यार्थिनींनी मध्येच शिक्षण सोडले त्यांपैकी फारच थोड्या नापास झाल्या म्हणून गेल्या. बहुतेकींनी घरातले एकही काम कमी न करता वर हे शिक्षण उचलायचा प्रयत्न केला आणि पहिल्या वर्षाच्या दिवाळीपर्यंत त्या पार थकून गेल्या.

घरच्यांना कसे तयार करावे?

परवानगी मिळवणे आणि मदत ठरवणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत आणि आपण बहुधा पहिलीवरच थांबतो. ‘शिक की, आमची ना नाही’ असे सासरे म्हणाले की आपल्याला आनंद होतो. पण सकाळी सव्वासहाला पाणी आल्यावर ते कोणी भरायचे, मुलीची वेणी कोणी घालायची, रिक्षावाले काका आले नाहीत तर मुलाला शाळेत कोणी सोडायचे, याची उत्तरे त्या वाक्यात नसतात. प्रवेशापूर्वी एका रविवारी घरातल्या सगळ्यांनी बसून पहाटे पाचपासून रात्री दहापर्यंतची कामे वहीत उतरवावीत आणि प्रत्येक कामासमोर ते करणाऱ्याचे नाव लिहावे. आमच्या घरी ही यादी सत्तेचाळीस कामांची झाली होती आणि त्यांतल्या एकेचाळीस कामांपुढे माझे नाव होते. माझ्या यजमानांनी ती वही बराच वेळ हातात धरली, काही बोलले नाहीत, आणि सकाळचे पाणी, दोन्ही मुलांची आंघोळ व डबे आपल्याकडे घेतले. पहिले दोन महिने डब्यात बहुतेक वेळा पोळी आणि गुळांबाच असायचा. मुलांनी कधी तक्रार केली नाही.

सासूबाईंशी बोलताना एक गोष्ट लक्षात ठेवावी. सुनेच्या ड्यूटीमुळे उतारवयात त्यांचे काम वाढणार असते, म्हणून त्यांचा विरोध सरसकट जुन्या विचारांचा म्हणून बाजूला सारणे अन्यायाचे आहे. त्यांचे गुडघे दुखत असतील तर उभ्याने करायचे काम त्यांच्याकडे देऊ नये, धुण्याभांड्यांना बाई ठेवण्याइतकी रक्कम फीच्या हिशेबातच धरावी. माझ्या सासूबाई सहा महिने माझ्याशी तुटकपणे वागत होत्या. पुढे एकदा त्यांची साखर उतरून त्यांना दरदरून घाम फुटला, तेव्हा मी घाम पाहूनच ओळखले आणि साखरेचे पाणी दिले. त्यानंतर त्या शेजारणींना म्हणू लागल्या, “तिला हाक मारू नका, ती अभ्यासाला बसलीय.”

अभ्यासाला वेळ कोठून काढायचा?

सलग तीन तास मिळतील या आशेवर राहू नये, ते मिळत नाहीत. मिळतात ते पंधरा-वीस मिनिटांचे तुकडे, आणि नर्सिंगच्या अभ्यासाचा मोठा भाग अशा तुकड्यांत बसतो. औषधांची वही हे त्याचे उत्तम उदाहरण आहे. प्रत्येक औषधाचे नाव, गट, मात्रा, देण्याचा मार्ग, दुष्परिणाम आणि परिचारिकेने घ्यायची काळजी अशी ती वही लिहावी लागते. वॉर्डात त्या दिवशी दिलेले एक औषध त्याच दिवशी लिहिले तर वर्षअखेरीस वही पूर्ण होते, आणि पेशंटचा चेहरा डोळ्यांसमोर असल्याने ते औषध लक्षातही राहते. केअर प्लॅन, केस स्टडी, प्रोसिजरची जर्नल ही लिखाणाची कामे साठवून ठेवली तर परीक्षेआधीच्या पंधरवड्यात रात्री जागून ती उरकावी लागतात आणि खरा अभ्यास तेथे मार खातो.

समजून घेण्याचे विषय, म्हणजे शरीररचना आणि शरीरक्रियाशास्त्र, यांना मात्र ताजे डोके लागते. त्यांच्यासाठी मी पहाटे साडेचार ते पावणेसहा ही वेळ ठेवली होती आणि त्या वेळात चहासुद्धा स्वतःपुरताच करत होते. रात्री मुले झोपल्यावर वाचू असे ठरवले की मुलांच्या आधी आपलाच डोळा लागतो.

घरातल्यांना अभ्यासात ओढून घेतल्याने आणखी वेळ निघतो. बँडेजचा सराव मी मुलाच्या हातावर केला, रक्तदाब मोजायला यजमानांच्या दंडावर शिकले. सलाईनचे थेंब काढण्याचे गणित मला सुरुवातीला अजिबात जमत नसे; ते मुलाच्या पाटीवर सुटले. ५०० मिलिलिटर सलाईन आठ तासांत द्यायचे आहे आणि सलाईनच्या नळीचा संच एका मिलिलिटरला १५ थेंब पाडणारा आहे, तर ५०० गुणिले १५ म्हणजे ७५००, त्याला ४८० मिनिटांनी भागले की मिनिटाला सुमारे १६ थेंब. त्याने भागाकार करायचा, मी उत्तर घड्याळाच्या सेकंदकाट्यावर टेबलावर बोट आपटून दाखवायचे, असा आमचा खेळ चालत असे. आजही ड्रिपचा वेग लावताना मला ते टेबल आठवते.

दहावी-बारावी मराठी माध्यमातून झाली आहे. इंग्रजी जमेल का?

जमते, पण पहिले सहा महिने जड जातात आणि ते सर्वांनाच जड जातात. वैद्यकीय शब्द लांबलचक दिसले तरी ते जोडशब्द असतात. ‘आयटिस’ म्हणजे दाह हे एकदा कळले की हिपॅटायटिस म्हणजे यकृताचा दाह, गॅस्ट्रायटिस म्हणजे जठराचा दाह, नेफ्रायटिस म्हणजे मूत्रपिंडाचा दाह हे पाठ करावे लागत नाही. आपण संस्कृतातल्या समासाचा विग्रह करत होतो तसाच हा विग्रह आहे. आधी धडा मराठीत समजून घ्यावा, मग त्याचीच पाच-सहा इंग्रजी वाक्ये रोज हाताने लिहावीत, आणि भाकऱ्या थापताना ती मोठ्याने म्हणावीत. उच्चार चुकतात म्हणून गप्प बसू नये. वॉर्डात पेशंटशी बोलायला तर मराठीच लागते, आणि आजीला तिच्या बोलीत धीर देणे ही संसारातून आलेल्या विद्यार्थिनीची मोठी जमेची बाजू आहे.

रात्रपाळीत घराचे काय करायचे?

रात्रपाळीचे वेळापत्रक बहुधा आधी लागते; ते लागताच घरातल्या कालनिर्णयवर लिहून टाकावे. आमच्या कॅलेंडरवर सकाळच्या ड्यूटीला निळी फुली आणि रात्रीच्या ड्यूटीला लाल फुली असे. वाचता न येणाऱ्या मुलीलाही लाल फुली म्हणजे आज आई रात्री नाही हे कळायचे आणि त्यामुळे आयत्या वेळचे रडणे जवळजवळ थांबले.

खरी अडचण रात्री नसते, सकाळी असते. बारा तास जागून घरी आलेल्या बाईला घर ‘आली ती’ म्हणून लगेच कामाला लावते आणि तीही लागते. असे तीन दिवस केले की चौथ्या रात्री हातून चूक होते, आणि आमच्या कामातली चूक म्हणजे दुसऱ्याच खाटेवरच्या माणसाला दिलेले इंजेक्शन. म्हणून रात्रपाळीनंतरची झोप हा आपला आराम नसून पेशंटची सुरक्षितता आहे हे घरी स्पष्ट सांगावे, खोलीला जाड पडदा लावावा, मोबाइल दुसऱ्या खोलीत ठेवावा आणि किमान सहा तास झोपावे. झोप आलेली असताना दुचाकी चालवत घरी येऊ नये.

प्रसूतिशास्त्राच्या पोस्टिंगची तयारी वेगळी ठेवावी, कारण बाळंतपणे घड्याळ बघून होत नाहीत. ठरलेल्या संख्येइतक्या प्रसूती स्वतः करून त्यांची नोंद केसबुकात करावी लागते, आणि ड्यूटी संपत आली असताना लेबर रूममधली बाई दहा सेंटिमीटरवर आली, म्हणजे गर्भाशयाचे तोंड पूर्ण उघडले, तर थांबण्यातच शहाणपण असते. त्या महिन्यात घरी एक जादा माणूस असेल अशी सोय करावी.

मूल आजारी पडले तर?

दुसऱ्या वर्षी माझ्या मुलीला ऐन मेडिसिन वॉर्डच्या पोस्टिंगमध्ये १०३ ताप आला होता. रजा मागितली तेव्हा ‘घर सांभाळायचे होते तर प्रवेश कशाला घेतला’ असे ऐकून घ्यावे लागले. मी त्या दिवशी ड्यूटी केली. दुसऱ्यांच्या कपाळावर पाण्याच्या घड्या ठेवत होते आणि माझी मुलगी घरी आजीच्या मांडीवर होती. ते बोलणे चुकीचे होते असे मला आजही वाटते, आणि माझ्याकडे आलेल्या विद्यार्थिनींना मी तसे कधी बोलत नाही. पण त्या दिवसाने एक शिकवले : रजा शिल्लक ठेवायची असते. लग्ना-बारशांना, मावसनणंदेच्या डोहाळजेवणाला दोन-दोन दिवस घालवले की खऱ्या गरजेच्या वेळी हात रिकामा राहतो. आजारपणासाठी वर्षाला निदान सहा-सात दिवस बाजूला ठेवावेत, पाठ्यनिर्देशिकांना (शिकवणाऱ्या बाईंना) घरची परिस्थिती अडचण येण्यापूर्वीच सांगून ठेवावी, आणि बुडालेली ड्यूटी कधी भरून देणार हे रजेच्या अर्जातच लिहावे. असा अर्ज नाकारणे अवघड जाते.

वसतिगृहात राहावेच लागते का?

अनेक संस्था राहण्याचा आग्रह धरतात. लहान मूल असेल तर घरून ये-जा करण्याची परवानगी प्रवेशाच्या वेळीच लेखी घ्यावी, तोंडी शब्दावर राहू नये. शक्य असेल तर घरापासून एका एसटीच्या अंतरावरची संस्था निवडावी. नाव मोठे पण रोजचा प्रवास तीन तासांचा, असा सौदा घरदार असलेल्या विद्यार्थिनीला परवडत नाही.

शिक्षण चालू असताना दिवस गेले तर?

शक्य असल्यास हा निर्णय शिक्षण संपेपर्यंत पुढे ढकलावा असेच मी सांगेन, कारण कायद्याने मिळणारी २६ आठवड्यांची पगारी प्रसूती रजा नोकरदार स्त्रियांसाठी आहे, ती विद्यार्थिनींना लागू होत नाही, आणि प्रात्यक्षिकाची शंभर टक्के अट कायम राहते. तरीही दिवस गेलेच तर लपवू नये. एक्स-रे विभाग, कर्करोगाच्या औषधांची हाताळणी आणि संसर्गजन्य वॉर्ड येथील ड्यूटी बदलून घेणे आवश्यक असते आणि ते न सांगता होत नाही. सहा महिने मागे पडलात तरी शिक्षण वाया जात नाही, बी.एस्सी. पूर्ण करण्यास जास्तीत जास्त आठ वर्षांची मुदत असते. हिपॅटायटिस बीच्या लसीचे तीन डोस (पहिला, एक महिन्याने दुसरा, सहा महिन्यांनी तिसरा) प्रत्येकीने प्रवेश निश्चित होताच सुरू करावेत.

खर्चाचे कसे जमवावे?

शासकीय संस्थेत फी बरीच कमी असते, म्हणून गुण असतील तर पहिला प्रयत्न तेथेच करावा. खासगी संस्थेत गेल्यास महाडीबीटी पोर्टलवरील शिष्यवृत्तीचा अर्ज मुदतीत भरावा, आणि त्यासाठी तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला व जातीचा दाखला प्रवेशाच्या आधीच काढून ठेवावा. माहेरच्या आणि सासरच्या नावातला फरक हे अर्ज अडण्याचे नेहमीचे कारण असते. विवाह नोंदणीचे प्रमाणपत्र किंवा राजपत्रातील नावबदल जवळ असावा. बँकेच्या शैक्षणिक कर्जात चार लाखांपर्यंत तारण लागत नाही आणि हप्ते सर्वसाधारणपणे शिक्षण संपल्यावर वर्षभराने सुरू होतात. दागिने मोडण्यापूर्वी हा मार्ग पाहावा.

पुरुषांनाही हे करता येते का?

जीएनएम आणि बी.एस्सी. दोन्ही करता येतात. बायको-मुले असलेले विद्यार्थीही असतात. त्यांच्या अडचणीचा रोख बहुधा घरकामापेक्षा बुडणाऱ्या पगाराकडे असतो, म्हणून त्यांनी तीन वर्षांचा घरखर्च आधी मांडून पाहावा.

मुलांकडे दुर्लक्ष होते या भावनेचे काय करावे?

ही भावना येते आणि ती खोटी नसते. काही गोष्टी खरोखर निसटतात. माझ्या मुलाचे चौथीचे स्नेहसंमेलन मी पाहिले नाही, त्याने मावळ्याचा फेटा बांधला होता तो मी फोटोतच पाहिला. पण दिवसातला एक ठरलेला वेळ, तो अर्ध्या तासाचा का असेना, पूर्ण मुलांचा ठेवता येतो. आमचा वेळ रात्रीच्या जेवणानंतरचा होता. तेव्हा पुस्तक उघडायचे नाही आणि फोन घ्यायचा नाही. मुलांना ताटातला मोठा तुकडा हवा असतो त्यापेक्षा तो रोज मिळेल याची खात्री हवी असते, असा माझा अनुभव आहे. गौरी-गणपतीला ड्यूटी लागली तर आम्ही हळदीकुंकू दुसऱ्या दिवशी केले आणि काही बिघडले नाही.

झोप उडणे, सारखे रडू येणे, जेवण न जाणे हे पंधरा दिवसांहून अधिक टिकले तर मात्र त्याला ‘ताण असतोच’ म्हणून सोडून देऊ नये. १४४१६ या शासनाच्या टेलिमानस या मानसिक आरोग्याच्या मदत क्रमांकावर मराठीतून विनामूल्य बोलता येते. शिक्षण सोडण्याचा निर्णय अशा दिवसांत किंवा रात्रपाळीच्या आठवड्यात घेऊ नये.

एवढ्या उशिरा शिकून नोकरी मिळेल का?

वयाचा हिशेब आधीच करावा. महाराष्ट्र शासनाच्या सेवेत प्रवेशासाठी कमाल वय खुल्या प्रवर्गाला ३८ आणि मागासवर्गीयांना ४३ आहे, त्यामुळे तेहतिसाव्या वर्षी जीएनएमला बसलेल्या स्त्रीला शिक्षण संपवून अधिपरिचारिकेच्या भरतीसाठी निदान दोन वर्षे मिळतात. एम्सच्या परिचर्या भरतीची सर्वसाधारण मर्यादा मात्र ३० आहे, तिच्यावर आशा ठेवू नये. खासगी रुग्णालये, डायलिसिस केंद्रे आणि शाळांमध्ये वयापेक्षा नोंदणी आणि अनुभव पाहतात. पुढे जीएनएमनंतरची दोन वर्षांची पदवी, म्हणजे पोस्ट बेसिक बी.एस्सी., करून अध्यापनाकडेही वळता येते.

निकाल लागताच त्याच आठवड्यात महाराष्ट्र परिचर्या परिषदेच्या नोंदणीचा अर्ज करावा. आमच्या तुकडीतल्या दोघी ‘जरा मुलांच्या परीक्षा होऊ देत’ म्हणून थांबल्या, मधल्या काळात जिल्ह्याची भरती निघाली आणि नोंदणी क्रमांकाच्या रकान्यात लिहायला त्यांच्याकडे काही नव्हते.